पाणी कोणाच्या हातचं

कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज चढतो आणि ओतूर, आळेफाटा मागे टाकत नगरला पोचतो. वैशाखऱ्याला घाटाआधीचं पाणी पिताना मला दर वेळी नगरकडच्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, हा प्रश्न त्यांनी जन्मभर वागवला.

त्यांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. १८५७ च्या धामधुमीत आजोळच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या सोवळ्याला धरबंध राहिला नाही. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालेना. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला त्या सोवळ्यात धर्मापेक्षा भीती जास्त दिसते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला वाद आपल्याला परका वाटत नाही, तो यामुळेच. येशूचे शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशी जाब विचारतात. येशूचं उत्तर असं, की माणूस विटाळतो तो पोटात जाणाऱ्या अन्नानं नव्हे, अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्टपणानं. पण हे ऐकलेल्यांनाही ते पचलं नाही. अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमची मंडळी येताच उठून बाजूला झाला, आणि पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. पहिल्याच पिढीत मन शुद्ध झालं होतं, पाट मात्र वेगळा राहिला होता.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. जातिभेद माणसानं केलेला, हे त्यांना स्वतःच्या विचारानं पटलं आणि सोवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आतला बदल झाला तो कोणी पाणी शिंपडल्यानं नव्हे, आणि तो खरा ठरला तो दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतल्यावर.

पंडिता रमाबाईंची वाट उलटी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात वाँटेजला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. तो त्यांना काही वर्षांनी भेटला. दरम्यान वाँटेजच्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून, विधींवरून त्यांचे खटके उडत राहिले. परक्यांचं सोवळं मुकाट्यानं नेसायला त्या तयार नव्हत्या.

टिळक शेवटी आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. बाप्तिस्म्याचीच नवी शिवाशिव होऊ नये, ही त्यांची तळमळ मला त्यात दिसते. दोनच वर्षांत ते गेले.

म्हणून बाह्य विधी सगळे पोकळ, असं मी म्हणणार नाही. प्रभुभोजनाचा पेला बघा. एकच भाकर, एकच पेला, आणि तो ओठाला लावणारे एकेकाळी एका विहिरीवर पाणी न भरू शकणारे. नगरकडच्या खेड्यांत पूर्वाश्रमीचे महार आणि मांग एका मंडळीत आले, तेव्हा त्या पेल्यापुढे थबकणारेही होते. हात पुढे होतो की मागे राहतो, हे मंडळीतल्या साऱ्यांना दिसत असे.