दोष कोणाचा?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय ठाऊक आहे. वाटेवर जन्मांध मनुष्य पाहून शिष्य विचारतात, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? याच्या, की आईबापांच्या? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. येथे अंधत्वाशी तुलना करण्याचा हेतू नाही; पाहावयाचे ते शिष्यांच्या प्रश्नाकडे. कारण विचारण्याच्या नावाखाली ते अपराधी शोधत होते.

आपल्या मंडळीतील एखादा मुलगा पुरुषाकडे किंवा मुलगी स्त्रीकडे ओढली जाते असे कळताच आपणही तेच करतो. आईने फार लाड केले काय? बापाचे लक्ष नव्हते काय?

या दोषारोपाला एके काळी तज्ज्ञांचाही आधार होता. १९६२ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिंग बीबर यांनी १०६ समलिंगी पुरुषांच्या अभ्यासावरून अतिजवळची आई व दुरावलेला बाप यांना जबाबदार धरले. परंतु ते सर्व पुरुष उपचारासाठी आलेले होते. दवाखान्यातील रोग्यांवरून साऱ्या गावाची प्रकृती कशी ठरवावी? १९५७ सालीच एव्हलिन हूकर यांनी उपचार न घेणारे ३० समलिंगी व ३० इतर पुरुष यांच्या मानसिक चाचण्या, नावे झाकून, तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या. तज्ज्ञांना कोण कोणता हे ओळखता आले नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने व १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी कल विकारांच्या यादीतून वगळला.

मग हे रक्तातूनच येते काय? १९९१ च्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक समलिंगी असता दुसराही तसा असण्याचे प्रमाण ५२ टक्के, तर भिन्न जुळ्यांत २२ टक्के आढळले. अनुवंशाचा वाटा आहे. पण तोच सर्व काही असता तर पहिला आकडा १०० आला असता. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीतही याचे एकच एक जनुक सापडले नाही. अनेकांचा थोडा थोडा प्रभाव दिसला.

तर मग प्रयत्नाने बदलता येईल, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १९७६ साली निघालेल्या ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ या ख्रिस्ती संस्थेने तोच प्रयत्न अनेक वर्षे केला. २०१३ साली तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी दुखावलेल्यांची क्षमा मागितली व संस्था बंद झाली.

उलट, जन्मजात तेवढे चांगले, असेही नाही. शीघ्रकोपही जन्मजात असू शकतो. आचरणाविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत व राहतील. पण उगम कोठेही असो, त्यावरून शेजाऱ्यावरील प्रीतीचे माप ठरत नाही.

त्याच अध्यायात पुढे काय घडते? सभास्थानातून घालवतील या भीतीने आईबाप मुलाच्या बाजूने बोलत नाहीत. मुलाला बाहेर घालवतात. आणि हे ऐकून प्रभू त्याला शोधून काढतो.

शिक्षकहो, उद्या तुमच्या वर्गातील कोणी मन मोकळे करावयास आला, तर कोण चुकले हे विचारू नका. त्याला जवळ बसवा, आणि त्याच्या आईबापांना मंडळीची भीती वाटणार नाही असे करा.