दिसते ते आणि वाटते ते

मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२८-२९ च्या सुमारास एक चौकोनी दगडी मुद्रा सापडली. आकार जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वय चार हजार वर्षांहून अधिक. 'पशुपती' या नावाने तिचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. आता आपली मुले विचारतात, "हा शंकर आहे का?" त्यांना काय सांगावे?

क्ष-किरण चित्र वाचताना आम्हा डॉक्टरांना एक शिस्त शिकवतात. आधी काय दिसते ते लिहायचे. त्याचा अर्थ काय वाटतो, ते नंतर. कारण मनात निदान एकदा पक्के झाले की डोळ्यांनाही तेच दिसू लागते.

मुद्रेवर दिसते ते असे: चौरंगासारख्या आसनावर बसलेली आकृती, डोक्यावर मोठी शिंगे, भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा, वरच्या बाजूला काही अक्षरे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उठाव आहेत. सर जॉन मार्शल यांनी ती आणखी दोन मुखे मानली आणि १९३१ च्या ग्रंथात या आकृतीला शिवाचे आद्य रूप म्हटले. पुढे १९७० च्या दशकात डोरिस श्रीनिवासन यांनी ते कान असावेत आणि चेहरा गुराच्या वळणाचा आहे, असे मांडले. म्हणजे 'तीन मुखे' हेसुद्धा दिसते की वाटते, इथूनच मतभेद आहे. निर्णय देऊ शकली असती ती लिपी, पण ती अजून सर्वमान्यपणे वाचता आलेली नाही.

मग 'हो, शंकरच' असे ठासून सांगितले तर बिघडले कुठे? मला वाटते, दोन ठिकाणी. उद्या विद्यापीठात मुलांना दुसरी बाजू कळली, तर त्यांचा विश्वास त्या मुद्रेवरून नव्हे, आपल्यावरून उडेल. आणि ज्या कारागिराने ती कोरली, तो आज बोलू शकत नाही. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाईक बोलतात, तेव्हा त्याची इच्छा कोणती आणि आपली कोणती, हे त्यांनी ओळखायचे असते. तोच न्याय इथे लागू आहे. 'शिवाशी काहीच संबंध नाही' असे ठामपणे म्हणणाराही त्याच्या तोंडी स्वतःचेच शब्द घालतो.

महादेवापुढे हात जोडायला आपल्याला पुराव्याची गरज नाही. म्हणून मुलांना निर्धास्तपणे सांगावे, "काहींना तो शंकर वाटतो, काहींना नाही. तू नीट बघ. तुला काय दिसते?"