उभी गाडी

आमच्या मुर्ध्याच्या घराशेजारी बाबांची पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. बाबा गेले, मी मीरा रोडला फ्लॅटमध्ये गेलो. आई आणि गाडी गावातच राहिल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा मी अभिमानाने सांगत सुटलो होतो, "आमची आहे हो अजून!"

दर रविवारी गावी जायचो. गाडी चालू करायची, दोन मिनिटं घरघर ऐकायची, बंद करायची. आईच्या हातचा चहा घ्यायचा, निघायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी मिठागरांवर धुकं होतं आणि गाडी काही उठेना. चोक ओढला, स्टार्टर मारला, नुसतं कण्हणं.

मिस्त्रीकाका आले. "थंडीने धरली," मी म्हटलं. ते हसले.

"आपल्याकडची थंडी ती कसली! थंडीत ऑइल जड होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाय, म्हणून तर चोक. हवा कमी, पेट्रोल जास्त. पण हिला तुझ्या दोन मिनिटांनी मारली. चालू करताना बॅटरीतनं जातं, तेवढं दोन मिनिटांत भरत नाय. इंजिन तापत नाय, सायलेन्सरातलं पाणी सुकत नाय, तो आतनं गंजतो. तू गाडीसाठी नाय, आपल्या मनासाठी चालू करतोस."

ते बोचलं. वस्तू विकली नाही, माणूस टाकलं नाही, एवढ्याने जपणं होतं का? मी हजेरी लावत होतो आणि तिलाच जिव्हाळा समजत होतो. चहा निवायच्या आत माझी नजर घड्याळाकडे जायची. वेळ नसतो, हे खरंच. पण जेवढा देतो तेवढा पुरतो, असं तरी स्वतःला सांगू नये. आईने कधी तक्रार केली नाही, गाडीने केली.

बॅटरी चार्ज करून आणली, कार्बोरेटरात थोडं पेट्रोल सोडलं. तिसऱ्या खेपेला गाडी लागली. चोक हळूहळू आत ढकलला आणि सवयीने हात चावीकडे गेला. आई दारातच उभी होती.

"चालू झालीच हाय तर उत्तनला चल ना. सुके बोंबील आणू."

राई, मोर्वा मागे पडलं. तापमानाचा काटा मधोमध आला, तेव्हा कुठे आईने गुडघ्याचा विषय काढला. सहा महिने दुखत होता म्हणे.