त्रेचाळीस दिवस मोजलेस, चार वर्षं नाही मोजलीस

बस. मोबाइल खिशात ठेव आणि मी काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐक. मधे बोलायचं नाही.

पार्क चौकात चहाच्या गाडीवर रोज संध्याकाळी तू अमेरिकेचं सरकार फैलावर घेतोस, हे माझ्या कानावर येत होतंच. परवा मी स्वतः तुझ्या पाठीमागे उभा होतो. अध्यक्ष मनमानी करतो, तिथली लोकशाही संपली, त्याला विचारणारं कुणी उरलं नाही, त्रेचाळीस दिवस सरकारी कामकाजाला कुलूप होतं तरी लोक गप्प. चारजणांनी माना डोलावल्या, तू चहाचे पैसे दिलेस आणि निघालास. मला लाज वाटली. नागरिकशास्त्र मी शिकवलंय तुला.

अमेरिकेवर बोलू नकोस असं मी म्हणणार नाही. तुला तर बोलायचा पुरेपूर हक्क आहे. टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचे कागद तू करतोस. ७ ऑगस्ट २०२५ला भारताच्या मालावर २५ टक्के शुल्क लागू झालं, २७ ऑगस्टला त्यावर आणखी २५ टक्के चढलं. वॉशिंग्टनमधल्या एका सहीची झळ सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागावर बसत असेल, तर विणकराच्या पोरानं बोललंच पाहिजे. याच गावचा द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ला तिथेच त्याचा अंत झाला. जगाची फिकीर करणं सोलापूरला नवं नाही. पण बोलायचं तर माहिती घेऊन बोलावं, एवढी तरी शिस्त तुला लागायला हवी होती.

विचारणारं कुणी नाही, हे कुठे वाचलंस? अमेरिकेच्या राज्यघटनेत जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिलाय. अध्यक्षांनी शुल्क लावायला १९७७च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेतला. त्याविरुद्ध कोण उभं राहिलं? न्यूयॉर्कमधला वाइन आयात करणारा एक व्यापारी आणि त्याच्यासारखेच आणखी काही छोटे व्यावसायिक. २८ मे २०२५ला व्यापार न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २९ ऑगस्टला अपिलातही तो टिकला, ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. शुल्क तेव्हा लगेच उठलं नाही, हे खरं. पण एक दुकानदार अध्यक्षाला कोर्टात खेचतो, ही त्या देशाची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट. तीच तू सोडलीस आणि शिव्या तेवढ्या उचलल्यास.

आता त्या कुलपाचं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, त्रेचाळीस दिवस, बरोबर मोजलेस. पण सोलापूर महापालिकेची मुदत कधी संपली? मार्च २०२२मध्ये. २०१७नंतर थेट जानेवारी २०२६पर्यंत निवडणूक झाली नाही. जवळजवळ चार वर्षं १०२ खुर्च्या रिकाम्या होत्या. खर्च सुचवणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासकच होता. तुझ्या घरी नळ चार-चार दिवसांआड येतो. त्याचा जाब सभागृहात उभं राहून मागायला तुझ्या प्रभागाचा माणूसच नव्हता. यावर एकदा तरी बोललास?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना अमेरिकेच्या पद्धतीशी तुलना करूनच सांगितलं होतं, की तिथे स्थैर्य जास्त आहे, पण आपण जबाबदारीला अधिक महत्त्व दिलंय. कारभाराचा हिशेब मतदार निवडणुकीत घेतात, पण आपल्याकडे तो सभागृहात प्रश्न विचारून, ठराव आणून रोजच्या रोजही घेता यावा. मी वर्गात हे फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या रोजच्या हिशेबाची जागाच आपल्या शहरात बंद पडली आणि तुझ्या ते ध्यानातही आलं नाही.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसला आग लागली, तेव्हा आग विझवायच्या नळांना पाणी नव्हतं, सरकार झोपलं होतं, असं तू आठवडाभर सांगत फिरलास. त्याच वर्षी १८ मेला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ जीव गेले. तुझाच धंदा, तुझ्याच रस्त्यावर. तू हात जोडल्याचं चित्र टाकलंस आणि संपलं. किती कारखान्यांत बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे? तपासणी शेवटची कधी झाली? विचारलंस? मालक नाराज होईल, नोकरी जाईल, ही भीती मला कळते. घर चालवायचंय तुला. पण भीतीला भीती म्हण. तिच्यावर जागतिक राजकारणाची चादर घालू नकोस.

ज्या चौकात तू बोलतोस तिथे चार पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ६ एप्रिल १९३०ला या गावच्या नगरपालिकेनं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिरंगा चढवला. मे महिन्यात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ला हे चौघे येरवड्याला फासावर गेले. ते समोरच्या सरकारशी भांडले, ज्या सरकारचा फास त्यांच्या गळ्यापर्यंत पोचत होता. तू सात समुद्रांपलीकडच्या सरकारशी भांडतोस, कारण ते तुझं काही वाकडं करणार नाही. दर १२ जानेवारीला तू हार घेऊन तिथे येतोस. १५ जानेवारी २०२६ला महापालिकेचं मतदान झालं. तुझ्या प्रभागात कोण उभं होतं, सांग. नाही ना सांगता येत?

मग हे कर. तुझ्या प्रभागातून निवडून आलेल्यांची नावं काढ. त्यांनी दिलेली प्रतिज्ञापत्रं वाच, मालमत्ता आणि गुन्ह्यांचे रकाने नीट पाहा. त्यांच्या दारी जाऊन पाण्याचं आणि कारखान्यांच्या तपासणीचं विचार, आणि उत्तर वहीत तारीख घालून लिहून ठेव. दुसरं, माहितीच्या अधिकारात अर्ज लिही: गेल्या तीन वर्षांत अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या किती कारखान्यांची अग्निसुरक्षा तपासणी झाली, किती नोटिसा निघाल्या, पुढे काय झालं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. नाही दिलं तर अपील कसं करायचं ते मी दाखवीन.

रविवारी सकाळी नऊला मसुदा घेऊन ये. शुद्धलेखन मी तपासून देईन. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तुझा तू आणायचा, आणि खाली सही पूर्ण नावानं करायची.