खडक असावा, खात्री नाही

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने विचारलं, "शनिवारी कोकणात चाललोय. त्या बीचवर पोहायला ओके आहे ना?" मी दोन सेकंदांत टाइप केलं, "बिनधास्त जा. एकदम सेफ. मी पोहलोय तिथे."

मी तिथे पोहलो होतो हे खरं. एकदाच. चार वर्षांपूर्वी, डिसेंबरात. तेव्हा भरती होती की ओहोटी, तेही आठवत नाही.

ते चौघं गेले. त्यातला एक पाण्याच्या ओढीत सापडला. पावसाळ्यासाठी होडी वर ओढून घेणाऱ्या गावातल्या दोघांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं, म्हणून तो आज आहे. कोणीही मला बोल लावला नाही. उलट तोच म्हणाला, "तू काय खोटं थोडीच बोललास?"

तेच मला छळत राहिलं. मी खोटं बोललो नव्हतो. मग माझं चुकलं नेमकं काय?

त्याचं उत्तर मला काही महिन्यांनी सापडलं, रत्नागिरीला मावसभावाच्या घरी, एका भिंतीवर.

दादा मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे. जहाजावरचे चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, अद्ययावत ठेवणं हे बहुतेक जहाजांवर सेकंड ऑफिसरचंच काम. रद्द झालेला एक कागदी चार्ट त्याने फ्रेम करून लावला आहे. जमिनीच्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग, इथे उलटं. जमीन जवळजवळ रिकामी आणि पाण्यावर आकड्यांचा सडा. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिकाणची खोली. मधेमधे जांभळ्या शाईने हाताने केलेल्या खाडाखोडी. डाव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात, वर्षं आणि क्रमांकांची लांबलचक यादी.

"दादा, हे काय, चुका?"

"दुरुस्त्या," तो म्हणाला. "यादी जितकी लांब, तितका चार्ट भरवशाचा. कोरा कोपरा दिसला की मला घाम फुटतो."

मग त्याने चिन्हांची पुस्तिका काढून दाखवली. चार्टवर काही ठिकाणी दोन अक्षरं छापलेली असतात. 'पी.ए.' म्हणजे जागा अंदाजे. 'पी.डी.' म्हणजे जागेबद्दल शंका. आणि 'ई.डी.' म्हणजे ही गोष्ट मुळात अस्तित्वात आहे की नाही, याचीच शंका. खडक असावा, खात्री नाही. सरकारी कागदावर 'खात्री नाही' असं छापण्याची रीतसर सोय असते, हे मला तेव्हा कळलं.

हा कागद छापतं कोण? भारतात हे काम नौदलाच्या अखत्यारीतलं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस करतं. सुरुवात 1874 साली कोलकात्यात झाली. 1954 मध्ये कार्यालय डेहराडूनला गेलं. म्हणजे आपल्या समुद्राचे अधिकृत नकाशे हिमालयाच्या पायथ्याशी तयार होतात, जिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे. सर्वेक्षणाचं शिक्षण देणारी संस्था मात्र गोव्यात आहे. आणि मोजमाप करायला नौदलाची खास जहाजं आहेत. 2024 साली ताफ्यात आलेली 'संध्यायक' त्यातलीच. हे काम म्हणजे देशाने हौसेने उचललेली जबाबदारी नव्हे. 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनारा असलेल्या देशाने पाण्याची माहिती गोळा करायची, प्रसिद्ध करायची आणि अद्ययावत ठेवायची, आणि जहाजाने अद्ययावत चार्ट बाळगायचाच, असं बंधन आहे.

पण मोजायचं कसं? शतकानुशतकं साधन एकच होतं: दोराला बांधलेलं शिसं. ते तळाला टेकेपर्यंत सोडायचं आणि किती वाव दोर गेला ते लिहायचं. शिशाच्या बुडाला चरबी लावत. तिला वाळू चिकटली की चिखल, यावरून तळ कसा आहे ते कळे. ही पद्धत प्रामाणिक होती, पण दोन टाक्यांच्या मधे काय आहे हे तिला कळत नसे. तिथे सुळक्यासारखा खडक असला तरी दोर शेजारून निघून जाई. आज जहाजाच्या तळातून ध्वनीचा पंखा सोडून पट्टाच्या पट्टा मोजता येतो. तरीही जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम एक चतुर्थांश भाग असा नीट मोजून झाला आहे. बाकी ठिकाणी आजही जुनी, विरळ मोजमापं कामी येतात. चार्टवर दोन्ही आकडे सारख्याच टाइपात शेजारीशेजारी छापले, तर वाचणाऱ्याला कुठला आकडा कसा आला हे कळणार कसं?

म्हणून चार्ट स्वतःबद्दलही माहिती देतो. कागदी चार्टवर एक छोटी आकृती असते: हा भाग कोणत्या साली, कोणी मोजला. इलेक्ट्रॉनिक चार्टवर प्रत्येक पट्ट्याला भरवशाची श्रेणी असते. 'ए-वन' म्हणजे पूर्ण तळ तपासलेला, जागेतली चूक पाच मीटरच्या आत. तिथून उतरत 'डी'पर्यंत, म्हणजे फारसा विसंबू नका. आणि एक 'यू', म्हणजे अजून पारखलेलंच नाही.

हे ऐकत असताना माझा मेसेज मला लख्ख दिसला. माझी माहिती एकदा टाकलेल्या दोरासारखी होती. एक जागा, एक दिवस, तोही जुना. ती मी 'ए-वन'च्या आवाजात सांगितली. वाक्य खरं होतं. आवाज खोटा होता.

खरं बोलणं म्हणजे चुकीचं वाक्य न बोलणं, असं आपण लहानपणापासून शिकतो. पण जो तुमच्या शब्दावर पाण्यात उतरणार आहे, त्याला वाक्यासोबत आणखी एक गोष्ट देणं लागतं: हे मला किती माहीत आहे, कधीपासून माहीत आहे आणि कुठून पुढे माहीत नाही. ते लपवणं हे खोटं बोलण्याचंच एक सभ्य रूप आहे.

दादाने मग आणखी एक गोष्ट दाखवली. चार्टवरची खोली समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजत नाहीत. ज्याच्या खाली पाणी सहसा जात नाही अशी, उधाणाच्या ओहोटीजवळची पातळी शून्य धरतात. भारतीय बंदरांसाठी अशी पातळी सुचवली ती जॉर्ज डार्विन यांनी. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विन यांचे हे चिरंजीव. म्हणजे चार्ट पाच मीटर म्हणत असेल, तर प्रत्यक्षात जवळजवळ नेहमी पाचाहून जास्तच पाणी मिळेल. पण त्याच कागदावर पुलाखालची मोकळी उंची मात्र भरतीच्या पातळीपासून मोजतात. खोलीसाठी ओहोटी, पुलासाठी भरती. एका कागदावर दोन शून्यं!

आधी मला हे विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, दोन्ही शून्यं एकाच बाजूला झुकलेली आहेत: जहाजाच्या बाजूला. अंदाज चुकणारच असेल, तर कोणत्या बाजूला चुकायचं हे आधीच ठरवून ठेवलंय. चार्टवर प्रत्येक मोजमाप मावत नाही, तेव्हा आकडे निवडतानाही उथळ आकड्याला झुकतं माप मिळतं. खोल आकडा गाळला तर कोणी बुडत नाही.

इथे एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. शंका आली की खडक दाखवा, हा नियम असेल तर समुद्र खोट्या खडकांनी भरून जाईल. तसं झालंही आहे. न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिमेला 'सँडी आयलंड' नावाचं बेट शंभरहून जास्त वर्षं अनेक नकाशांवर होतं. 1876 साली एका व्हेलशिकारी जहाजाने ते पाहिल्याची नोंद केली होती. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांचं जहाज तिथे पोहोचलं, तर बेटाच्या जागी तेराशे मीटरहून खोल पाणी. फ्रेंच जलसर्वेक्षण खात्याने ते सत्तरच्या दशकातच काढून टाकलं होतं; बाकीच्यांच्या नकाशांत, अगदी गूगल मॅप्सवरही, ते तसंच राहिलं. खोट्या खडकाला वळसा घालताना इंधन जळतं, वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे, फार इशारे दिले की माणसं इशारे वाचणंच सोडतात. 'काळजी घ्या' असं प्रत्येक फॉरवर्डखाली लिहिलेलं आपण कुठे वाचतो?

म्हणून 'खात्री नाही' हा शेवटचा शब्द असू शकत नाही. ती उधारी आहे. 'ई.डी.' लिहिणाऱ्यावर कधीतरी जहाज पाठवून बघण्याचं कर्ज चढतं. पडताळायची संधी असताना वर्षानुवर्षं 'मला नक्की माहीत नाही बुवा' म्हणत बसणं ही नम्रता नाही, आळस आहे.

आणि कळल्यावर? 17 जानेवारी 2013 ला अमेरिकन नौदलाचं 'गार्डियन' हे जहाज फिलिपिन्समधल्या तुब्बताहा प्रवाळखडकावर चढलं. त्यांच्या डिजिटल चार्टवर तो भाग खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल बाजूला दाखवला होता. चौकशीतून जे बाहेर आलं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. नकाशे करणाऱ्या संस्थेला चूक 2011 मध्येच कळली होती. कमी तपशिलाच्या चार्टवर ती दुरुस्तही झाली होती. जास्त तपशिलाच्या चार्टवर मात्र ती तशीच राहिली. चौकशीने जहाजावरच्या अधिकाऱ्यांनाही दोषी धरलं, कारण दोन चार्ट वेगळं सांगत असताना त्यांनी थांबून पडताळलं नाही. माणसं वाचली; जहाज तिथेच तुकडे करून उचलावं लागलं आणि प्रवाळाची हानी झाली ती झालीच.

म्हणजे वाचणाऱ्याचीही जबाबदारी असते. नोव्हेंबर 2014 मध्ये 'टीम व्हेस्टास विंड' ही शर्यतीची नौका रात्री मॉरिशसच्या उत्तरेकडच्या प्रवाळखडकावर आदळली. खडक इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये होता, पण पुरेसं झूम केल्यावरच दिसायचा. त्या मार्गाचा विचार करताना तेवढं झूम केलंच गेलं नाही. नऊही जण बचावले. बोटांनी स्क्रीन मोठी-लहान करत जगाकडे बघणाऱ्या आपल्या पिढीने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. काही दिसलं नाही, याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही.

मी दादाला विचारलं, "मग तुम्ही भरवसा ठेवता कसा?"

"त्यांनी चुका छापल्या नाहीत म्हणून नाही ठेवत," तो म्हणाला. "चूक सापडली की ते मला कळवतात म्हणून ठेवतो."

खरंच कळवतात. भारतीय कार्यालयाच्या दुरुस्त्यांच्या सूचना दर पंधरवड्याला निघतात: अमुक बोया हलवला, तमुक ठिकाणी बुडालेलं जहाज सापडलं. त्यातली काही माहिती जहाजांवरूनच येते. वेगळं काही दिसलं तर खलाशाने ठरलेल्या नमुन्यात कार्यालयाला कळवायचं असतं. मग कुठल्या तरी जहाजावर कोणी सेकंड ऑफिसर जांभळी शाई घेऊन बसतो आणि कोपऱ्यातल्या यादीत एक आकडा वाढवतो. हे काम करणाऱ्याचं नाव चार्टवर नसतं. ज्याच्यासाठी केलं, तो खडक चुकवून पुढे जातो तेव्हा त्याला काही कळतही नाही.

रत्नागिरीहून परतताना बसमध्ये मी तो ग्रुप उघडला. एक गोष्ट लक्षात आली. मित्र वाचला, मी त्याची दहा वेळा माफी मागितली. पण तो मेसेज? "बिनधास्त जा. एकदम सेफ." तो तिथेच होता. ग्रुपमध्ये चाळीसजण होते. पुढच्या जूनमध्ये कोणीतरी त्या बीचचं नाव सर्च केलं असतं आणि त्याला माझं ते उत्तर सापडलं असतं.

मेसेज डिलीट करायची वेळ कधीच टळून गेली होती. मी त्याला रिप्लाय करून लिहिलं: "दुरुस्ती. मी इथे एकदाच, डिसेंबरात पोहलो होतो. भरती-ओहोटीचं आठवत नाही. पावसाळ्यात इथे पाण्याला जोरदार ओढ असते, आपला एक मित्र वाहून जाता जाता वाचला. बाकी मला माहीत नाही. जाण्याआधी गावातल्या मच्छीमारांना विचारा."

खाली तारीखही टाकली. दोघांनी हसण्याचे इमोजी पाठवले. एकाने विचारलं, "हे आत्ता कुठून?"

ज्या मित्रासाठी तो पहिला मेसेज होता, त्याने काहीच लिहिलं नाही. फक्त माझी दुरुस्ती ग्रुपवर पिन करून ठेवली.