उसनी नजर

दिवाळी अंक हाती आला की घरातले लहानथोर आधी चित्रे पाहतात आणि मग मजकुराकडे वळतात. आम्हां लेखकांना हे ठाऊक असते, आणि त्याचे वाईटही वाटत नाही. मी तर म्हणेन, लेखकानेही लिहिण्यापूर्वी चित्रे पाहावीत. एखादे पात्र अडून बसले, बोलेनासे झाले, की मी कागद बाजूला सारतो आणि कोणा चित्रकाराच्या कामापाशी जातो.

पण ह्यातून एक प्रश्न निघतो. अजिंठ्याच्या चित्रांतून मी काही घेतले, तर तो वारसा. रविवर्म्याकडून घेतले, तरी वारसाच. परंतु जो माझ्याच काळात वावरतो, त्याच्याकडून घेतलेल्याला काय म्हणावे? ते उसने. आणि उसने परत करायचे असते, हे आपण वाटीभर साखरेच्या बाबतीतही पाळतो!

मग मी नेमके घेतो तरी काय? सुधीर पटवर्धनांचेच पाहा. जन्म १९४९चा, पुण्यातला; शिक्षण वैद्यकीचे. ठाण्यात त्यांनी अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याचबरोबर चित्रे काढली. माणसाच्या आतले दाखवणारे यंत्र रोज हाताशी असलेला हा मनुष्य चित्रफलकापुढे आला की माणसाचे बाहेरचे रूपच किती निगुतीने पाहतो! ‘इराणी रेस्टॉरंट’मधला (१९७७) माणूस घ्या, किंवा ‘लोअर परळ’मधली (२००१) गिरणगावाची पालटती वस्ती घ्या. ह्या चित्रांत कोणी आपली कीव करा असे म्हणत नाही. माणसाला त्याचे वजन असते, त्याची जागा असते. कष्टकऱ्याचे आयुष्य चितारायचा आपल्याला अधिकार काय, हा पेच सुखवस्तू कलावंतापुढे नेहमीच उभा राहतो. ह्या चित्रांतून मला त्याचे एक उत्तर मिळते. अधिकार असा नसतोच. नीट पाहण्याची जबाबदारी मात्र असते.

आता दुसरे टोक. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये ना राजा, ना राक्षस. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, बस्स. तरी मुले ती पुस्तके पुन्हा पुन्हा मागतात. रोजचे घरही टक लावून पाहण्याजोगे असते, हे आमच्या शाळेतल्या पोरांना मी तासभर सांगूनही पटले नसते. चित्राने ते क्षणात पटते.

म्हणजे मी विषय घेत नाही, शैलीही घेत नाही. शैली उचलणे तर आता फारच सोपे झाले आहे. हयात चित्रकाराचे नाव यंत्राला सांगावे, की त्याच्या धाटणीचे चित्र निमिषात तयार! त्या धाटणीमागे गेलेली वर्षे मात्र त्यात येत नाहीत. मी घेतो ती नजर. आणि ती घेतली तरी फुकट वापरता येत नाही. ती आपल्या माणसांवर रोज घासावी लागते.

हे उसने फेडायचे कसे? पहिली गोष्ट, नाव घेऊन सांगावे. ‘मला सुचले’ म्हणताना कोणामुळे सुचले, हे गिळून टाकू नये. दुसरी, शक्य असेल तेव्हा त्यांची पुस्तके विकत घ्यावीत, प्रदर्शनाला मुलांना घेऊन जावे. कौतुकावर कलावंताची चूल पेटत नाही. आणि तिसरी, सर्वांत अवघड. ती फेड चित्रकाराला पोचतही नाही. माझ्या कादंबरीत जो हमाल येतो, जी भाजीवाली येते, तिला मी तिचे वजन आणि तिची जागा द्यायची. तिला माझ्या कथेचे नुसते सामान करायचे नाही.

एवढे साधले, तर प्रेरणा घेतली असे म्हणावे. न साधले, तर नुसते उचलले, असेच म्हटले पाहिजे.

अंक मुलांच्या हातून तुमच्याकडे आला म्हणजे मजकुराकडे वळण्याची घाई करू नका. आधी चित्रे पाहा, आणि कोपऱ्यातली बारीक सहीही वाचा.