मांजरापुढे सॉरी चालत नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी मांजर येते ते हौसेपोटी नव्हे. सोयाबीनची पोती, तुरीची थप्पी, शेजारी कुटाराने भरलेली खोली म्हटल्यावर उंदीर होणारच. त्यांच्यासाठी मांजर. चतकोर भाकर आणि दुधाचा घोट, एवढाच त्याचा पगार. लाड करतात ती लेकरे.

आणि छळतातही तीच. मनी कुटारात व्यायली की पोरगं पिल्लू उचलतं, पोटाशी आवळतं, शेपटीला सुतळी बांधून पाहतं. मग एक दिवस मनगटावर तीन लाल रेघा उमटतात. पोरगं रडतंय, मांजर माळ्यावर. भावंडांचं भांडण मोठी माणसं ‘सॉरी म्हण’ एवढ्यावर मिटवतात आणि आपल्या कामाला लागतात. माळ्यावरच्या मांजराला त्या शब्दाचं काय?

मांजर माफ करतं का, हा प्रश्न भाबडा वाटेल, पण अभ्यासकांनी तो निराळ्या अंगाने विचारला आहे. भांडण झाल्यावर चिंपांझी एकमेकांना कवटाळतात, चुंबन घेतात, हे फ्रान्स द वाल यांनी १९७९ मध्ये मांडले. पुढे असा समेट इतर अनेक प्राण्यांत दिसला. पाळीव मांजरांत मात्र त्याचा पुरावा सापडलेला नाही. म्हणून मांजर खुनशी ठरत नाही. त्याचा पूर्वज आफ्रिकेतले रानमांजर, एकट्याने शिकार करणारे. भांडण झाले की लांब जायचे, संपले. समेटाची त्याला फारशी गरजच पडली नसावी.

हात मात्र ते ओळखून असते. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हळुवार हात लागला तर ते पुढे माणसाळते. त्या वयात हात सुतळीचा असेल, तर पुढचे सगळे अवघड. स्वित्झर्लंडमध्ये डेनिस टर्नर यांना असेही आढळले, की मांजर आपणहून जवळ येते तेव्हा ती भेट जास्त वेळ टिकते. हट्टाने ओढून घेणाऱ्या पोरासाठी याचा अर्थ फार कडक आहे: कधी यायचं ते मांजर ठरवणार. माफी मागून मोकळं होण्याची सोय इथे नाही. ताटली ठेवायची, मागे सरायचं, वाट पाहायची. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला हे शिकवता येईल असे वाटत नाही.

मांजराची माफी मागावी लागते ती गोष्टीत. बंगालमधल्या षष्ठी देवीच्या व्रतकथेत सून स्वतः चोरून खाते आणि आळ घालते मांजरावर. मांजर देवीचे वाहन. ते तिची लेकरे पळवते. चूक कबूल करून मांजराला शरण गेल्यावरच ती परत मिळतात. तीच षष्ठी आपल्याकडे सटवाई म्हणून पुजली जाते.

पोरगं ओरखडा दोन दिवसांत विसरतं. डूख धरतात ती मोठी माणसं. ‘पोत्यात घाल अन् दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून ये’, हा फैसला घरोघरी सुनावला जातो. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे न घेतल्यासारखाच. मांजर सोडून येण्याऐवजी जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावी, दवाखान्यात नेऊन रेबीजच्या लशीचं विचारावं. आणि सुतळी कोणी बांधली होती, तेही पोराला विचारावं.